परसातील पिले आणि करडे

घराच्या मागील दाराबाहेर जी थोडीशी जागा असते तिला बेळगाव-खानापूरकडे परडे म्हणतात, गोमंतकात परसू म्हणतात, आणखी कोठे दुसरे काही म्हणत असतील. नाव कोणतेही असो, तेथील देखावा बहुधा एकच असतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ, कडेला शेवगा, आळवाचे चार कांदे, भिंतीला टेकलेले खुराडे, आणि फणसाच्या किंवा बाभळीच्या सावलीत दाव्याला बांधलेल्या एक-दोन शेळ्या. या कोंबड्यांना आणि शेळ्यांना शेतीच्या हिशेबात सहसा स्थान मिळत नाही. जमिनीच्या उताऱ्यावर पिकाची नोंद होते, त्यांची होत नाही. घरधनी त्यांच्याकडे बायकामुलांचा उद्योग म्हणून पाहतो. परंतु शाळेची फी भरावयाची वेळ येते, दवाखान्यात जावे लागते, किंवा माहेरी कार्य निघते, तेव्हा त्या घरात पहिला पैसा कोठून उभा राहतो, याचा विचार केला तर या मुक्या धनाची किंमत ध्यानात येते.

हे धन थोडेथोडके नाही. देशात २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत शेळ्यांची संख्या १४ कोटी ८८ लाखांवर गेली. कोंबड्या, बदके इत्यादी पक्ष्यांची एकूण संख्या ८५ कोटींच्या वर भरली, आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी मोठ्या कुक्कुटगृहांतले नसून घरोघरच्या परसातले होते. २०१२ च्या गणनेच्या मानाने परसातील पक्ष्यांत जवळजवळ ४६ टक्के वाढ झाली होती. शहरातील बाजार पिंजऱ्यांतील कोंबड्यांच्या अंड्यांनी भरून गेला, तरी खेड्यातील खुराडे काही मोडले नाही, असाच याचा अर्थ.

मात्र हा उद्योग करणाऱ्यांचे लक्ष बहुधा चुकीच्या जागी असते. मिळकत वाढवावयाची म्हटली की नवी जात आणावी, आणखी दोन शेळ्या घ्याव्या, दुकानातले खाद्य विकत आणावे, असे विचार मनात येतात. माझे सांगणे निराळे आहे. परसातील पशुपालनात मिळकत वाढविण्याचा पहिला, सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे जन्मलेली पिले आणि करडे मरू न देणे. बाकीचे सारे त्यानंतर.

एक साधा हिशेब करून पाहू. गावठी कोंबडी वर्षातून तीन-चार वेळा अंड्यांवर येते आणि प्रत्येक खेपेस दहा-पंधरा अंडी देते. तिच्याखाली बारा अंडी ठेवली आणि त्यांतून नऊ पिले निघाली असे धरू. त्यांतली तीनच मोठी झाली, तर कोणी फारसे हळहळत नाही. घारीने नेली, पावसात गारठली, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण तीच कोंबडी, तेच खुराडे आणि तेवढेच दाणे असताना तीनऐवजी सहा पिले वाढविता आली, तर उत्पन्न दुप्पट झाले. दुसरी कोंबडी न आणता दुसऱ्या कोंबडीचा लाभ पदरात पडला. शेळीचेही तसेच. नीट सांभाळलेली शेळी दोन वर्षांत तीन वेळा विते. तिला त्या काळात पाच करडे झाली आणि दोन दगावली, तर शंभरातले चाळीस रुपये आपण हातचे घालविले. कोणत्याही दुकानदाराला असा तोटा सोसणार नाही. आपण मात्र तो दैवावर टाकतो.

प्रथम कोंबडीकडे वळू. खुडूक झालेली कोंबडी हे परसातले उबवणी-यंत्र होय, आणि त्याला वीज लागत नाही. उबवणीला ठेवावयाची अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत; उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांपलीकडची घेऊ नयेत. तडा गेलेली, फार लहान किंवा वाकड्या आकाराची अंडी घरच्या स्वयंपाकाला ठेवावी. पाटीत भाताचे पिंजर घालून ती अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी आणि पिंजराखाली चुलीतली थोडी राख पसरावी, म्हणजे पिसवा-उवांचा उपद्रव कमी होतो. सातव्या रात्री एकेक अंडे विजेरीच्या उजेडासमोर धरून पाहावे. आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर गर्भ धरला आहे; अंडे आरपार स्वच्छ दिसले तर ते काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. या तीन आठवड्यांत कोंबडी फार थोडा वेळ उठते, म्हणून तिचे दाणे-पाणी पाटीजवळच असावे.

खरी कसोटी येथून पुढे सुरू होते. पिलांच्या आयुष्यातले पहिले सहा आठवडे हाच धोक्याचा काळ आहे. आपली जुनी रीत अशी की, पिले निघाली की दोन दिवसांनी कोंबडीसह त्यांना मोकळे सोडावयाचे. कोंबडी फिरते, उकरते, पिलांना शिकविते, हे खरेच. परंतु दिवसभर तिच्यामागे धावून पिले थकतात, दवात भिजतात, आणि घार, कावळा, मुंगूस, मांजर यांची नजर त्यांच्यावर असते. निदान तीन-चार आठवडे कोंबडीला पिलांसह मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशात ठेवावे. पहिल्या दिवसांत भाताची कणी किंवा भरडलेला मका, उथळ ताटलीत स्वच्छ पाणी, आणि थोडा बारीक चिरलेला शेवग्याचा पाला एवढे पुरते. पाण्याच्या ताटलीत चार गोटे ठेवावे, म्हणजे पिले बुडत नाहीत. वाळवी सापडली तर ती पिलांपुढे टाकावी; त्यांना तिच्यासारखा दुसरा पौष्टिक घास नाही. रात्री डालगे जमिनीवर न ठेवता घरात किंवा उंच फळीवर ठेवावे. ओल आणि गारवा या दोन गोष्टी पिलांना घारीहून अधिक घातक ठरतात, आणि घारीसारख्या त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पिलांचा तिसरा शत्रू रोग हा होय, आणि रोगांत मुख्य राणीखेत. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्याला मानमोडी म्हणतात. हिमालयाच्या डोंगरांत राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास तो आढळला, म्हणून त्या गावाचे नाव त्याला चिकटले. हिरवट-पांढरी हगवण, धाप, लुळे पडलेले पंख आणि वाकडी झालेली मान ही त्याची लक्षणे. तो एकदा वाडीत शिरला की चार-आठ दिवसांत खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. त्यावर औषध नाही. उपाय लसीचा, आणि तोही रोग येण्यापूर्वीचा. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात लसीचा एक थेंब सोडावयाचा, पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दुसरी मात्रा, आणि सुमारे आठ आठवड्यांचे झाल्यावर टोचणी. एवढी सोपी गोष्ट असूनही गावोगाव ती होत नाही. याचे कारण आळस हे नसून लसीची कुपी हे आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल एवढी लस असते, आणि आपल्या परसात असतात दहा कोंबड्या. कुपी थंड जागी ठेवावी लागते, आणि एकदा विरघळविली की एक-दोन तासांत संपवावी लागते. मग दहा कोंबड्यांसाठी एवढी खटपट कोण करणार?

याला एकच तोड आहे. वाडीतल्या दहा-बारा घरच्या बायकांनी महिन्यातला एक दिवस ठरवावा. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी म्हणा, किंवा अमावास्येच्या सकाळी म्हणा. सर्वांनी मिळून एक कुपी आणवावी, बर्फाच्या डब्यात घालून आणवावी, आणि उजाडताना, कोंबड्या खुराड्यात असतानाच घरोघर थेंब घालून घ्यावेत. कुपीचा खर्च वाटून घेतला तर प्रत्येकीच्या वाट्याला फार थोडे पैसे येतात. भिशी चालविणाऱ्या, बचतगट चालविणाऱ्या बायकांना हे जड नाही. एका घराने लस घातली आणि शेजारच्या घराने घातली नाही, तर रोगाला ठाणे मिळालेच. म्हणून हे काम एकट्या-दुकट्याचे नव्हे, वाडीचे आहे.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. खुराड्यातल्या दोन कोंबड्या मलूल दिसू लागल्या की उरलेल्या आठ लगोलग बाजारात नेऊन विकण्याची चाल आपल्याकडे आहे. विकणाऱ्याचे चार पैसे वाचतात, पण रोग त्या टोपलीतून दहा गावांना जातो, आणि पुढच्या वर्षी तोच रोग दुसऱ्या कोणाच्या टोपलीतून आपल्या दारी परत येतो. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकणे हाही तसाच अपराध. खोल खड्डा घेऊन, वर चुना टाकून ती पुरावी. बाजारातून नवी कोंबडी आणली तर ती पंधरा दिवस निराळी ठेवावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा प्रथम आढळला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी एकाएकी पुष्कळ पक्षी मरू लागले तर ते लपवून न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळविणे, आणि मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवणे, यातच घराचे आणि गावाचे हित आहे. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, तसा रोग झाकला म्हणून थांबत नाही.

जातींविषयी थोडक्यात. हैदराबादेत तयार झालेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बेंगळुरूची गिरिराजा, या सुधारलेल्या जाती गावठी कोंबडीहून अधिक अंडी देतात किंवा लौकर वजन धरतात. इंदूरच्या पलीकडे झाबुआ-धार भागातील काळी कडकनाथ हिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या मांसाला चांगला भाव येतो. या जाती अवश्य पाळाव्यात. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, सुधारलेल्या जाती आणि कडकनाथही सहसा खुडूक बसत नाहीत; त्यांची अंडी उबवावयाला गावठी कोंबडीच लागते. दुसरी, जड अंगाच्या कोंबडीला मुंगसापुढून पळता येत नाही. तेव्हा घरची गावठी कोंबडी मोडीत काढून नवी जात भरणे शहाणपणाचे नव्हे. अंड्याच्या रंगाचाही उगाच बाऊ केला जातो. कवच तपकिरी असो की पांढरे, आतले सत्त्व त्यामुळे बदलत नाही. बलक पिवळाधमक होतो तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यामुळे.

आता शेळीकडे येऊ. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, आणि ते नाव तिने कमावले आहे. परंतु शेळी म्हणजे लहान आकाराची गाय, अशी समजूत करून घेतली तर मात्र घात होतो. गाय जमिनीवरचे गवत चरते. शेळी मान वर करून झुडपांचे शेंडे खुडते. तिचे ओठ आणि जीभ काट्यांतून कोवळे पान वेचून काढण्यास घडलेले आहेत. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, उंबर, आपटा, फणसाची पाने, शेवरी, हादगा हे तिचे खरे अन्न होय. दाव्याला बांधून नुसते गवत टाकले तर ती खाते, पण अंगी लागत नाही. शिवाय जमिनीलगतच्या ओल्या गवतावर जंतांची पिले चढून बसलेली असतात, ती पोटात जातात. म्हणून सकाळी दव उतरल्यावरच शेळ्या बाहेर काढाव्यात, आणि घरी पाला टाकावयाचा तो जमिनीवर न पसरता तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगून द्यावा. ती आनंदाने खाते, आणि तुडवून वायाही घालवीत नाही.

मोठ्या शेळीला दिवसाकाठी तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर वाळला चारा आणि पाव किलोच्या आतबाहेर खुराक पुरतो. भरडलेला मका, तुरीची चुणी, कोंडा, थोडी पेंड आणि मीठ यांचा तो असावा. परसाच्या कुंपणाला शेवरी, हादगा, शेवगा आणि थोडी सुबाभूळ लावली तर हिरव्याचा प्रश्न निम्मा सुटतो. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घालू नये. तिच्यात एक विषारी द्रव्य असते. कण्हेरीची पाने तर जिवावर बेततात. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले ज्वारीचे धुमारे खाऊन जनावरांना किराळ लागते, हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. शेळीही त्याला अपवाद नाही.

शेळीच्या जातीची निवड प्रदेश पाहून करावी. धाराशिव-लातूरकडील उस्मानाबादी शेळी काटक आहे, तिला जुळी पुष्कळ वेळा होतात, आणि कोरड्या हवेत ती उत्तम नांदते. परंतु खानापूरच्या रानात किंवा गोमंतकात चार महिने धो धो पाऊस पडतो. तेथे सिंधुदुर्गाकडील कोकण कन्याळ शेळी अधिक तग धरते. वडोदऱ्याच्या बाजूला दुधासाठी सुरती शेळी नावाजलेली आहे. दूरच्या बाजारातून मोठी, देखणी शेळी आणावी आणि पहिल्या पावसाळ्यात ती खोकून, खूर सडून मरावी, यापेक्षा शेजारच्या गावची मध्यम शेळी शतपट बरी. पावसाळी मुलखात शेळ्यांना उभे राहावयाला लाकडी किंवा बांबूच्या फळ्यांचा माच करावा. फळ्यांमध्ये बोटभर फट असली की लेंड्या आणि मूत्र खाली पडते, अंगाखाली कोरडे राहते, आणि खालचे लेंडीखत परसातल्या वेलांना मिळते.

करडांची काळजी ते जन्मण्यापूर्वीच सुरू होते. शेळी सुमारे १५० दिवसांत विते. पोटातले करडू वाढते ते मुख्यतः शेवटच्या दीड महिन्यात. त्याच काळात तिचा खुराक वाढवावा आणि दूध पिळणे थांबवावे. व्याल्यावर शेळीला करडू चाटू द्यावे. नाळेला आयोडीन लावावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्या तासाभरात करडाच्या पोटात चीक गेला पाहिजे. वार पडल्याशिवाय पाजावयाचे नाही, अशी एक समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. ही समजूत करडांच्या मुळावर येते. करडू जन्मते तेव्हा रोगाशी झुंजण्याची शक्ती त्याच्या अंगी जवळजवळ नसते. ती त्याला आईच्या चिकातून मिळते, आणि आतड्याला ती शोषून घेण्याची ताकद पहिले काही तासच असते. वेळ टळली की मग कितीही दूध पाजले तरी ते भरून निघत नाही. करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात थोडा थोडा करून पोटात जावा. दोन किलोच्या करडाला सुमारे पाव शेर, म्हणजे आजच्या मापाने दोनशे मिलिलिटर. तिळी झाली आणि एखादे दुबळे असले तर त्याला हाताने सडाशी धरावे, किंवा चीक पिळून बाटलीने पाजावा. खरवसाची आवड सर्वांनाच असते. पण शेळीच्या चिकावर पहिला हक्क करडाचा.

पावसाळ्याच्या तोंडाशी आणखी एक संकट उभे असते. उन्हाळाभर वाळल्या काड्यांवर राहिलेल्या शेळ्या मृगाच्या पावसानंतर लुसलुशीत हिरव्यावर तुटून पडतात, आणि धडधाकट, पोटभर प्यालेले करडू संध्याकाळी उडी मारून कोसळते. लोक म्हणतात दृष्ट लागली. तो आंत्रविषार असतो. आतड्यातले जंतू एकाएकी वाढून विष निर्माण करतात. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी, पहिल्याच वेळी टोचत असाल तर पंधरा दिवसांनी पुन्हा टोचावी, आणि हिरवा चारा हळूहळू वाढवावा. लग्नघरातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी शेळीपुढे ओतणे हाही तसाच जीवघेणा लाड आहे. पोटात आम्ल होऊन ती फुगते. दुसरा मोठा रोग पीपीआर. ताप, नाकातोंडातून स्राव, तोंडात फोड आणि हगवण. हा रोग भारतात प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळला आणि पुढे देशभर पसरला. करडू तीन-चार महिन्यांचे झाले की त्याची एक टोचणी द्यावी. तिचे संरक्षण सुमारे तीन वर्षे पुरते. जगातून हा रोग २०३० पर्यंत नाहीसा करण्याचा संकल्प सोडलेला आहे; तो आपल्या परसातूनच सिद्धीस जावयाचा आहे. जंतांचे औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, लेंड्या तपासून, वजनाप्रमाणे द्यावे. वारंवार आणि अंदाजाने दिले तर जंत त्याला सरावतात. अनेक राज्यांत १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे. शेळी गाभटली तर पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नये, आणि शेळीचे दूध उकळल्यावाचून पिऊ नये. तिचे काही रोग माणसालाही जडतात.

वंशाविषयीही एक गोष्ट सांगावयास हवी. कळपातला सर्वांत दांडगा बोकड जत्रेला किंवा बकरी ईदेला चांगल्या भावात जातो, आणि मागे राहतो तो किरकोळ बोकड पुढच्या पिढीचा बाप होतो. असे दहा वर्षे चालले की शेळ्या लहान होत जातात, आणि आपण चाऱ्याला दोष देतो. वाडीत सर्वांनी मिळून एक चांगला बोकड राखावा आणि दर दोन वर्षांनी तो बदलावा, म्हणजे बापाचा मुलीशी संबंध येत नाही.

शेळीवर एक जुना आरोप आहे की, ती झाडे खाते आणि शेजाऱ्याशी भांडणे लावते. आरोप खोटा नाही. परंतु दोष शेळीच्या तोंडाचा नसून सैल दाव्याचा असतो. जिच्या कुंपणाला पुरेसा पाला आहे, ती शेळी दुसऱ्याच्या कलमापर्यंत जात नाही. संख्या हातात असू द्यावी. दोन शेळ्या, त्यांची करडे आणि दहा-बारा कोंबड्या एका घरच्या नजरेत राहतात. वीस शेळ्या झाल्या की नजर पुरत नाही, आणि मग उंटावरून शेळ्या हाकण्याची पाळी येते.

शेवटी पैशाचा प्रश्न. या जिवांची राबणूक बहुतेक घरच्या बाईच्या हातून होते. पण विक्री पुष्कळदा दारात आलेल्या व्यापाऱ्याशी, नजरेच्या अंदाजाने, आणि अडचणीच्या दिवशी होते. व्यापाऱ्याची नजर मुरलेली असते, घरच्या बाईची गरज तातडीची असते. यात कोण ठकतो हे सांगावयास नको. बचतगटाने मिळून एक टांगता काटा घ्यावा आणि बोकड वजनावर विकावा. शक्य तर विक्रीचे दिवस आधी ठरवावेत. सणाच्या तोंडावर भाव असतो, फीच्या आदल्या दिवशी नसतो. ज्यांच्याजवळ भांडवल नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे वाट्याने शेळी देण्याची चाल आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि करडे निम्मी-निम्मी. एखाद्या विधवा बाईने वाट्याची एक शेळी घेऊन चार वर्षांत स्वतःचा कळप उभा करावा, हे या चालीत शक्य आहे. मात्र तिच्या वाट्याचे करडू जगले तरच. त्याच शेळीचे करडू चिकावाचून गेले, तर चाल शिल्लक राहते, कळप राहत नाही. आणि ज्या हातांनी पिलू वाढविले त्याच हातात त्याचे पैसे पडले, तरच पुढच्या पिलाची काळजी मनापासून घेतली जाते, ही गोष्ट घरधन्यांनी ध्यानात घ्यावी.

श्रोतेहो, एवढे सगळे ऐकल्यावर उद्यापासून काय करावे, असे कोणी विचारील तर एकच सोपे काम सुचवितो. दिवेलागणीच्या वेळी खुराडे लावताना कोंबड्या आणि पिले मोजावी, गोठ्यात शेळ्या आणि करडे मोजावी, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो आकडा टिपावा. एखादा आकडा उतरला तर त्यापुढे कारण लिहावे: घार, पाऊस, हगवण, चीक मिळाला नाही. वर्षाअखेर ती पाने चाळली म्हणजे आपले धन कोणत्या दाराने बाहेर जाते ते स्पष्ट दिसेल. ते दार कोणते हे एकदा कळले, की लावून घेणे आपल्याच हाती आहे.